आईचं न पाहिलेलं हसू

शाळाशाळांतून मुलांच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावत फिरणाऱ्या त्या बाईंना सगळे दातवाल्या मावशी म्हणत. हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. सोबतचे डॉक्टर दात तपासून पुढे सरकत आणि लेपाचं काम मावशींकडे असे.

मावशींची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भूक मारायला ती गालात पेपरमिंटची गोळी धरायची. एक विरघळली की दुसरी. दिवसभर दातांना साखर चिकटलेली. चौतिसाव्या वर्षी तिचे सगळे दात काढावे लागले, तेव्हा मावशी जेमतेम दोन वर्षांच्या होत्या. कवळी करून आणली, पण ती टोचायची, म्हणून कपाटात जाऊन बसली. तेव्हापासून हसू आलं की आईचा हात आधी तोंडावर जायचा.

"आई, हात काढ ना," लहानपणी त्या हट्ट धरायच्या.

"काढला तर हसू पळून जाईल गं," आई हाताआडून म्हणायची.

मावशी एकोणीस वर्षांच्या असताना आई गेली. मागे राहिले चार फोटो. चारही फोटोंत ओठ घट्ट मिटलेले. मावशी ते फोटो कितीदा तरी काढून बघत आणि परत ठेवून देत.

एका वर्षी दुसरीच्या वर्गात एक मुलगी तोंडावर हात धरूनच बोलताना दिसली. मावशींच्या हातातला कापूस तसाच राहिला. पोरीचे समोरचे दुधाचे दात किडून काळे पडले होते.

डॉक्टर म्हणाले, "हे पडतील, त्यांची काळजी नाही. पण मागे नव्या दाढा आल्यात ना, त्यांच्यावर खडूसारखे पांढरे डाग आहेत. कीड दारात उभी आहे. आत शिरायच्या आधी अडवता येईल."

पण लेपाच्या संमतीच्या फॉर्मवर पोरीच्या वडिलांनी 'नको' लिहिलं होतं. मावशींनी निरोप धाडला. बस दुरुस्तीच्या कारखान्यातून ते तसेच, ग्रीसने काळे झालेले हात घेऊन शाळेत आले.

"बाई, फ्लोराइडनं दातांवर डाग पडतात असं ऐकलंय मी. पोरीवर प्रयोग नको."

"ऐकलंत ते खोटं नाही, दादा. पाण्यातच ते जास्त असलं आणि लहानपणापासून पोटात जात राहिलं, तर डाग पडतात. पण आपल्याकडच्या पाण्यात ते नावालाच आहे, तपासलंय आम्ही. आणि मी तर वर्षातून दोनदा थेंबभर लावणार, तेही दातावर."

"त्यानं होतं काय पण?"

"गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. ते दाताचं कठीण आवरण झिजवतं, त्यातली खनिजं निघून जातात. लाळ ती परत आणून बसवत असते. फ्लोराइड असलं की ती लवकर बसतात आणि दात आधीपेक्षा चिवट होतो. पण एकदा भोक पडलं की माझ्या हातात काही नाही. मग डॉक्टरांनाच ते भरावं लागतं."

वडिलांनी काळे हात पँटला पुसले. मग म्हणाले, "पेन द्या."

मावशींनी दाढा पुसून कोरड्या केल्या आणि ब्रशने पिवळसर लेप लावला.

"ई, चिकट!" पोरगी म्हणाली.

"चिकटच हवा. आज ब्रश करायचा नाही, उद्यापासून मात्र दोन वेळा. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण भसाभसा चुळा भरायच्या नाहीत. आणि गोळ्या-चॉकलेटं येता-जाता नाहीत."

दोन वर्षं हे चाललं. दाढांवरचे डाग वाढायचे थांबले, खरखरीत होते ते गुळगुळीत झाले. समोर नवे दात आले. हात मात्र तोंडावरून हटेना. शेवटच्या तपासणीला मावशींनी तिला आरसा दिला.

"बघ की. आता कुणापासून लपवतेस?"

पोरीने आरशात पाहिलं, आधी लाजली आणि मग खदखदून हसली. मावशींनाही हसू आलं, पण परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांना आई आठवली. आईही कधीतरी अशी हसत असेल. आपण जन्मण्याच्या आधी, यंत्रावर बसायच्याही आधी. डोळे मिटून त्यांनी तो चेहरा जुळवायचा प्रयत्न केला. डोळे आले, कपाळ आलं. तोंडाशी येऊन सगळं पुसट झालं.

घरी पोचताच त्यांनी मोठ्या भावाला फोन लावला. तो त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठा, दूरच्या शहरात राहणारा.

"दादा, आईचे दात कसे होते रे?"



"समोरच्या दोन दातांत फट होती," तो म्हणाला. "त्यातून शिट्टी वाजवायची ती. मला जेवायला बोलवायची ना, तेव्हा. सगळ्या गल्लीला ऐकू जायची."

"शिट्टी? आई?"

"अगं, नुसती शिट्टी नाही, सूर होता त्याला."

"मला ठाऊकच नव्हतं," मावशी म्हणाल्या. "वाजवून दाखव ना. कशी होती?"

भावाने श्वास भरून घेतला, ओठ जुळवले. त्याचेही आता पुढचे दात उरले नव्हते. फोनमधून नुसती हवा आली, फूस करून.

"थांब हं," तो म्हणाला, "परत करतो."

मावशींनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.