कणीस चक्राच्या आत

चाकणकडच्या आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली, तेव्हा तिचं बोधचिन्ह मी काढलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. पन्नाशी उलटली होती, अक्कल मात्र अजून यायची होती. मधोमध ज्वारीचं कणीस, त्याभोवती दातेरी चक्र, खाली भामा नदीच्या तीन लाटा. इथला खरा माल कांदा. पण कांदा बोधचिन्हात शोभत नाही, असं बाईंचं मत. एवढ्या आम्ही कलावंत!

चित्रासोबत अर्थही लिहून द्यायचा होता. मी लिहिलं, ‘उद्योगाच्या चक्रात शेती सुरक्षित.’ मुलगा तेव्हा एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. शिफ्टवरून आला, कागद बघून हसला.

“आई, फिरत्या चक्रात काही सुरक्षित नसतं गं. कणीस बाहेर काढ.”

“तुला कलेतलं काय कळतंय? हात धू आणि जेवायला बस.”

चित्राची निवड झाली. अनावरणाला आठवडा राहिला असताना तो म्हणाला, “हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो, माल जास्त निघावा म्हणून तोच बंद करून ठेवतात. मी सोडतो ही नोकरी.”

मी तेव्हा आरशासमोर उभी होते. शाल अंगावर पडल्यावर नारळ कुठल्या हातात धरायचा, याचा सराव चालला होता. आरशातूनच त्याला म्हणाले, “चक्र काढणाऱ्या बाईचा मुलगा घरी बसला, तर लोक काय म्हणतील? थांब जरा. सत्कार होऊ दे, मग सोड.”

सत्काराच्या आदल्या दुपारी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. शाल कुणीतरी दवाखान्यात आणून दिली. तिथं एसीचा गारठा होता. मी ती पांघरलीसुद्धा.

गेल्या महिन्यात नगरपरिषदेत गेले. साहेबांना म्हटलं, “तुमचं चिन्ह बदलायचंय.”

“का हो आजी? चांगलं तर आहे.”

“कणीस आत आहे. बाहेर पाहिजे.”

“त्याला ठराव लागतो. कारण लिहून द्या.”

घरी येऊन दोन पानं कारण लिहिलं. सेन्सरचं लिहिलं, आरशाचंही लिहिलं. मुलाने डाव्या हातात धरून सगळं वाचलं. तो आता त्याच नगरपरिषदेच्या गेटवर वॉचमन आहे, ठेकेदाराकडून.

“आई, हे दिलंस तर ठेकेदार आधी मला काढेल. या हाताला दुसरीकडे कोण घेणार? तेव्हा तू थांब म्हणालीस, मी थांबलो. आता तू थांब.”

मी पानं घडी करून गादीखाली सारली. त्याच्या ड्युटीची वेळ झाली होती. युनिफॉर्मची बटणं मीच लावून देते. खिशावर ते चिन्ह शिवलेलं आहे. खालून एकेक बटण लावत वर गेले आणि तिथं पोचल्यावर थांबले.

“लाव ना,” तो म्हणाला, “उशीर होतोय.”