आधी शून्य दाखवा

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खी बाजारपेठ शून्यबाई म्हणायची, आणि ते तिला ठाऊक होतं. वजनमापे खात्यात ती एकतीस वर्षं निरीक्षक होती. दुकानात शिरली की नमस्कार नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत, काउंटरवर पितळी वजनांची पेटी ठेवायची आणि म्हणायची, "आधी शून्य दाखवा." रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचं, मग वजन ठेवायचं, मग ते उचलायचं. तिचं सगळं लक्ष त्या उचलण्याकडे. वजन ठेवताना सगळेच काटे शहाण्यासारखे वागतात, लबाड काटा कळतो तो वजन परत घेताना, असं ती सांगायची. या खाक्यापायी तिची दोनदा बदली झाली आणि एकदा कुणीतरी तिच्या स्कूटरची दोन्ही चाकं कापली. दुसऱ्या दिवशी ती त्याच दुकानात पायी गेली.

मी तिचा धाकटा भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे चूक कुठलीही असो, आधी आपल्याला दिसते अशी माझीही एक समजूत होती.

ताई निवृत्त झाली, आयुष्याची पुंजी एकरकमी तिच्या खात्यात आली, आणि पंधरा दिवसांत तिचा जावई लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिला. तो सोफ्यांच्या मोठ्या शोरूममध्ये विक्रेता आहे. बसलेल्या गिऱ्हाइकाला उठू न देणं हेच त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याचं म्हणणं असं, की सगळी रक्कम एका ऑनलाइन फॉरेक्स ब्रोकरकडे भरावी. एका देशाचं चलन घ्यायचं, दुसऱ्याचं विकायचं, भाव हलला की फरक आपला. महिनाअखेरपर्यंत भरले तर जितके भरू तितकाच बोनस वर. मी साक्षीदार म्हणून हजर होतोच. चार महिन्यांपूर्वी मी तिथे पैसे घातले होते आणि पडद्यावर त्यांचे दीडपट झाले होते. तो आकडा मी ताईला इतक्या तोऱ्यात दाखवला, की जणू तो मीच कष्टानं वाढवला होता.

ताईनं सगळं ऐकलं. "म्हणजे तराजूच की," ती म्हणाली. "एक पारडं वर गेलं की दुसरं खाली." तिला गंमत वाटली होती, हे मला तिथंच दिसलं. मग तिनं विचारलं, असे ब्रोकर एकूण किती? जावई म्हणाला, शेकडो, पण हा सगळ्यांत चांगला. ताई म्हणाली, मग चार ठिकाणी बघायला हरकत नाही. महिनाअखेर गेली तर जाऊ दे, एवढ्या घाईनं कुणी आपल्याला फुकट पैसे देत असेल तर त्याचंच काहीतरी अडलेलं असणार.

तिनं कपाटातून तपासणीची जुनी लांबट वही काढली आणि सहा ब्रोकरांची नावं लिहिली. पहिला रकाना परवान्याचा. कंपनीनं दाखवलेला क्रमांक ती मानायची नाही. दुकानदार दाखवतो तो शिक्का शिक्का नव्हे, खात्याच्या दप्तरात असतो तोच खरा, म्हणून ती ज्या त्या देशाच्या नियामकाची यादी उघडून क्रमांक ताडून बघे. दोन नावं तिथंच खोडली गेली. त्यातल्या एकाचा परवाना तर भलत्याच कंपनीचा होता. जावयाच्या ब्रोकरचा परवाना कुठल्याशा लहान बेटावरचा निघाला. तिनं तिथल्या कार्यालयाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, तिनं प्रश्नचिन्ह काढलं. दुसरा रकाना घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातल्या फरकाचा, म्हणजे ब्रोकरच्या खऱ्या कमाईचा. सकाळी दहाला आणि दुपारी चारला, उरलेल्या चौघांचे पडदे शेजारी शेजारी उघडून ती तो फरक टिपायची. जो 'फी अजिबात नाही' म्हणून ओरडत होता त्याचाच फरक सगळ्यांत जाड होता. ताई म्हणाली, हा पारड्याखाली चिंच चिकटवणारा.

घरात तिची टिंगल सुरू झाली आणि त्यात मी पुढे होतो. ताई, तू आता निवृत्त झालीस हे तुला कुणी कळवलं नाही का, असं मी विचारायचो. पण मग टिंगलीचं रुसव्यात रूपांतर झालं. आपल्या नवऱ्याचा अपमान झाला असं भाचीला वाटलं आणि तिनं आईला फोन करणं बंद केलं. रोज संध्याकाळी साडेसहाला येणारा फोन तीन आठवडे आला नाही. मी म्हणालो, अगं, ठेव पैसे तो म्हणतो तिथे आणि मोकळी हो, पैशापायी लेक तोडशील काय? ताईचे डोळे भरून आले. एकटी आहे, भीती मलाही वाटते, असं ती म्हणाली, आणि तिनं वहीचं पान उलटलं.

शेवटचा रकाना उचलण्याचा होता. चौघांकडे तिनं आठवड्याच्या बाजारहाटाला लागतील एवढेच पैसे भरले. काही घेतलं नाही, काही विकलं नाही. तीन दिवसांनी चौघांकडे परत मागितले.

पहिल्याचे दोन दिवसांत पुरे आले. दुसऱ्यानं आधी सांगितलेला खर्च कापून पाठवले. चिंचवाल्यानं विजेचं बिल मागितलं, मग तेच बिल हातात धरलेला फोटो मागितला, आणि बाराव्या दिवशी पैसे सोडले. जावयाच्या ब्रोकरकडून पैसे आले नाहीत, फोन आला. एक गोड आवाजाचा माणूस, काकू काकू करत, काढू नका म्हणून विनवायला लागला. पाच दिवसांत त्याचे अकरा फोन आले. ताईनं प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहिली.

मग तिनं रविवारी सगळ्यांना बोलावलं. भाची तोंड फिरवून बसली होती. ताईनं वही टेबलावर उघडून ठेवली आणि एकेक रकाना वाचून दाखवला. जावयाचा चेहरा लाल झाला. त्याच्याच शोरूममधून सवलतीत आलेल्या खुर्चीवर बसून त्यानं विचारलं, "आई, म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"जावईबापू, माणसं तपासणं माझं काम नव्हतं कधी," ताई म्हणाली. "मी काटा तपासते." मग माझ्याकडे वळली. "तुझे काढ. आत्ता, इथे, आमच्या देखत."

मला राग आला.  तरी मी फोन काढला आणि सगळी रक्कम परत मागितली. पाच मिनिटांत निरोप आला: अभिनंदन, तुमचा नफा मोठा आहे, तो सोडवण्यासाठी आधी पाचवा हिस्सा कर म्हणून भरा. जावई घाईघाईनं म्हणाला, "भरा मामा, तेवढे भरले की सगळे येतील." आणि मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा शहाणा, खिशातून कार्ड काढलंसुद्धा.

ताईनं माझ्या हातावर हात ठेवला. तो हात जड होता. "स्वतःचेच पैसे परत घ्यायला आणखी पैसे द्यायचे?" ती म्हणाली. "पुरे झालं. इथून पुढे एक पैसाही जाणार नाही."

 मग जावयानं लॅपटॉप मिटला आणि कबूल केलं, की नवीन माणूस आणला की त्याला त्यातून काही मिळायचं, आणि त्याची स्वतःची सगळी बचतही तिथेच होती. भाची रडायला लागली. मला वाटलं, आता ताई त्याची चांगली हजेरी घेईल, आणि खरं सांगायचं तर ती घ्यावी अशी माझी इच्छा होती. तिनं वहीचं नवं पान काढलं, त्याला पेन दिलं आणि सांगितलं, तारखा लिहा, आपण तक्रार करतोय. बँक, पोलिस, नियामक, सगळीकडे तिनं कागद पाठवले आणि अजून पाठवते आहे. पोलिस ठाण्यातला माणूस म्हणाला, बाई, हे पैसे परत यायचे नाहीत. ती म्हणाली, तसं लिहून द्या.

साडेसहाचा फोन पुन्हा येतो.

ताईनं निवड केली ती पहिल्या ब्रोकरची. त्याचा पडदा दिसायला रद्दीच्या पावतीसारखा आहे. आपल्या पुंजीचा विसावा हिस्सा तिनं तिथे भरला, बाकीचे बँकेत मुदतीवर टाकले. आणि पहिल्याच महिन्यात ती बुडाली. सगळी नाही, थोडी. चलन वर जाईल म्हणाली ते खाली गेलं. मी ही संधी सोडतो काय? मी म्हणालो, एवढी तपासणी करून शेवटी घोडं कुठं पेंड खातंय? ताई म्हणाली, "काटा खरा आहे. माल मी चुकीचा घेतला." आणि मला दाखवण्यासाठी म्हणून तिनं उरलेले सगळे परत मागितले. दोन दिवसांत आले. जेवढा तोटा तेवढेच कमी, एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ते परत भरले.

माझ्या पडद्यावरचा आकडा मात्र अजून वाढतो आहे. आता दुपटीच्या वर गेला. तो गोड आवाजाचा माणूस दर आठवड्याला फोन करून माझं अभिनंदन करतो आणि कराची आठवण देतो. पहिले तीन महिने मी त्याच्या विनवण्या करायचो, भाऊ, निम्मे तरी दे म्हणायचो. गेल्या मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा मी ताईच्याच घरी होतो. तो म्हणाला, काका, तुम्ही फार नशीबवान आहात. मी म्हणालो, "माझ्या बहिणीला तोटा झाला. तो कापून उरलेले पैसे तिला दोन दिवसांत घरपोच मिळाले. तुझा नफा कधी येतोय, तारीख सांग. ताई वही उघडून बसली आहे."

फोन त्यानं आधी ठेवला. असं पहिल्यांदाच झालं. ताईनं घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली.