सायीतला खळगा

सुभद्राबाईंच्या दह्याला लालबागच्या त्या चाळीत तोड नव्हती, आणि हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी त्या स्वतःच म्हणत. "वाटी उपडी धरा. दही खाली पडलं तर नाव बदलीन," असं नव्या बिऱ्हाडाला पहिल्याच दिवशी ऐकवायचं, ही त्यांची रीत. खोटं नव्हतंच ते. म्हशीचं दूध मंद आचेवर चांगलं आटवायचं, करंगळी सुखानं बुडेल इतकं निवू द्यायचं, विरजण मडक्याला आतून बोटानं सारवायचं, मग दूध ओतून मडकं घोंगडीत गुंडाळून ठेवायचं. त्यानंतर त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. धक्का लागला की दही फुटतं, पाणी सुटतं. सकाळी झाकण काढलं की वर सायीचा जाड पिवळसर थर, कसा सारवल्यासारखा सपाट! परीक्षेला निघालेल्या पोराच्या, बोटीनं गावी निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवायला चाळ दही मागायला यायची ती याच दारात.

एका सकाळी खालच्या नळावरून कळशी घेऊन त्या वर आल्या, झाकण काढलं, आणि सायीत कडेला खळगा. चमचाभर साय कुणीतरी अलगद उचललेली.

"मांजर असेल," खिडकीशी बसलेले धोंडू, म्हणजे त्यांचा नवरा, म्हणाले.

"मांजर चमच्यानं खातं वाटतं? आणि वर झाकण ठेवून जातं?"

धोंडूंनी तोंड खिडकीबाहेर वळवलं. एके काळी गिरणीत साचे चालवणारा हा माणूस. मागच्या मोठ्या संपात लाठी बसून उजवं कोपर जायबंदी झालं, तेव्हापासून घरी. सुभद्राबाईंनी त्यांच्या मिशा बारकाईनं न्याहाळल्या. मिशा कोरड्या होत्या. पण म्हणून काय झालं? मिशा पुसता येतात.

दोन दिवस मध्ये गेले आणि पुन्हा खळगा. आता संशय शेजारच्या रखमावर. घरात पोरं पाच, आणि विरजणाला म्हणून वाटी घेऊन दर चार दिवसांनी दारात उभी. "आज विरजण नाही," सुभद्राबाईंनी तोंडावर सांगितलं. "ज्याला हवं तो हल्ली न विचारताच घेतो." रखमाचा चेहरा उतरला. ती वाटी घेऊन परत गेली ती पुन्हा आलीच नाही. खळगा मात्र येत राहिला.

राहता राहिली सून. नलू गिरगावातली, सातवी शिकलेली, सकाळी पेपर वाचणारी. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. स्वभावानं गरीब, पण गरीब गाय पोटात पाय! एका सकाळी सुभद्राबाई नळावरून मुद्दाम लवकर परतल्या, तर पोरगी मोरीत वाटी विसळत होती. सासूला पाहून दचकली.

"दही तू खातेस?" त्यांनी सरळच विचारलं.

नलूनं मान खाली घातली. "हो आई. मीच खाल्लं."

एवढ्या चटकन कबूल झाली म्हणताना सुभद्राबाईंचा राग विरघळलाच. आंबटाचे डोहाळे! अग बाई, बोलायचं नाही का? त्या दिवशी त्यांनी सुनेला भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला, कळशी उचलू दिली नाही, आणि मनात बाळाला नावसुद्धा ठेवून टाकलं. पण आठवड्याभरात नलू बाहेर बसली, आणि सासूच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे डोहाळे नाहीत, काही नाहीत. नुसती जिभेची चटक! आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचं! जी दह्यात खोटं बोलते ती आणखी कशाकशात बोलत असेल, कुणी सांगावं.

तसे ते दिवसच संशयाचे होते. पहिला खळगा दिसायच्या आधीच, दिवाळी सरता सरता, फाउंटनला गोळीबार झाला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेली माणसं घरी परतली नव्हती. त्याच संध्याकाळी सुभद्राबाईंनी लवूला, आपल्या एकुलत्या एका पोराला, समोर उभं करून स्वतःच्या गळ्याला हात लावायला लावला. "माझ्या गळ्याची शप्पथ आहे. मोर्चाला जायचं नाही. बापाचा हात गेला, तेवढं पुरे झालं या घराला." लवू गिरणीच्या विणखात्यात होता. त्यानं शप्पथ घेतली. हल्ली मात्र सकाळी तो पाळीच्या बराच आधी निघायचा. साचा कुरकुरतो, खात्यावरचा मुकादम, तो जॉबर, लवकर बोलावतो, म्हणायचा. सुभद्राबाईंना ते पटलं होतं. संशय घ्यायला घरात सून होती ना, मग पोरावर कशाला वाया घालवायचा?

जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई दिल्लीच्या ताब्यात राहणार. ते ऐकून सबंध गिरणगाव पेटलं. त्या संध्याकाळी सुभद्राबाईंनी विरजण लावलं, मडकं घोंगडीसकट लोखंडी ट्रंकेत ठेवलं, कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. "आता बघते कुणाची जीभ वळवळते ती."

पहाटे त्या नळावर गेल्या. रांगेत कुजबूज होती, की आज गिरण्या बंद, सगळे रस्त्यावर. दूरवर घोषणा ऐकू येत होत्या. कळशी घेऊन वर आल्या तर लवू निघून गेलेला, आणि नलू ट्रंकेसमोर बसलेली. हातात रिकामी वाटी.

"सापडलीस!" सुभद्राबाई म्हणाल्या. किती दिवसांनी जिवाला थंड वाटलं त्यांच्या.

"आई, चावी द्या. पाया पडते तुमच्या. पटकन द्या, अजून नाक्यावरच असतील ते."

"कशाला? आज चमच्यानं भागणार नाही, मडकंच हवंय का?"

नलू रडायलाच लागली. तेव्हा खिडकीजवळून धोंडू उठले. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस, आज गावच्या बोलीत ओरडलाच.

"अगो, चावी दे तिका! दही ती खाईत नव्हती. झिलाच्या हातार घालीत होती!"

सुभद्राबाईंना आधी कळेचना. मग सगळं एकदम कळलं. कसला साचा आणि कसला जॉबर! पोरगा प्रभातफेरीला जात होता, पत्रकं वाटत होता, मोर्चाच्या पुढे चालत होता. शप्पथ मोडत होता, आणि ही कालची पोर त्याच्या हातावर दही ठेवत होती. माणूस धड परत यावा म्हणून. वर चोरीचा आळ अंगावर घेऊन गप्प बसली होती.

आणि आज, सगळ्या दिवसांत आजच, तो कोरड्या हातानं गेला होता.

सुभद्राबाईंना एक जुनी सकाळ आठवली. धोंडू संपाला निघाले त्या सकाळीही घरात असंच कडकडीत भांडण झालं होतं. "जा तसेच," त्या म्हणाल्या होत्या, आणि मडक्याला हात लावला नव्हता. संध्याकाळी चौघांनी त्यांना उचलून आणलं. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यानंही कधी काढली नव्हती. आता ते त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांचं ते वाकडं कोपरही बघत होतं.

चावी कुलपात जाता जाईना. नलूनं त्यांचा हात धरला तेव्हा कुठं ट्रंक उघडली. दही लागलं होतं काय सांगू! जन्मात लागलं नसेल असं. सायीवर ओरखडा नाही. सुभद्राबाईंनी त्यात सरळ हात घातला, मूठ भरली आणि तशाच अनवाणी जिना उतरल्या.

नाक्यावर माणसांचा पूर आला होता. "लवू! लवू रे!" त्या हाका मारत होत्या. कुणाला ऐकू जाणार? प्रत्येक पाठमोरा सदरा लवूचाच वाटत होता. एकाला तर खांद्याला धरून वळवलं. दुसराच कुणी निघाला. "आई, घरी जा, पुढे लाठी चाललीय," तो म्हणाला. पुढे परळच्या बाजूला फटाफट आवाज झाले, आणि गर्दी उलटी फिरली. कुणीतरी त्यांना ढकलत चाळीच्या दारापर्यंत आणून सोडलं.

मूठ त्यांनी उघडली नाही. रखमानं पाणी आणलं, "हात धुवा, वहिनी," म्हणाली. "नको गं," एवढंच बोलल्या. त्या बाईला आपण काय काय बोललो ते आठवून त्यांना तिच्याकडे बघवेना. उंबऱ्याशी बसून राहिल्या. शेजारी नलू. दोघींचे कान जिन्याकडे. पावलं वाजायची, वरच्या मजल्यावर निघून जायची. उन्हं कलली. बोटांच्या फटींतून पाणी गळून लुगड्यावर सुकलं.

लवू आला तेव्हा दिवेलागण झाली होती. कपाळाला फडकं बांधलेलं, सदरा फाटलेला, पण स्वतःच्या पायांनी आला. आईची ती बंद मूठ, उघडी ट्रंक, बायकोचे सुजलेले डोळे, सगळं बघून तो काय ते समजला. खाली बसला.

"आये, शप्पथ मोडली मी. मार हवं तर."

सुभद्राबाईंना त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटत होत्या. त्यांनी दोन्ही केलं नाही. उठल्या, मोरीत हात धुतला, मडक्यातून निगुतीनं चमचाभर साय काढली.

"हात पुढे कर."

"आता कशाला? आलो की मी."

"गप मेल्या. उद्या जाशील त्याचं आहे हे," त्या म्हणाल्या. "सकाळी मी नळावर असते."