मोर्चात गेलेली कार्डं

कुठल्याही वाचनालयात शिरताना माझी बायको इंदू चपला दाराबाहेर काढायची. तिथं तसा नियम असो वा नसो. आत गेल्यावर पुस्तकांकडे बघायचीच नाही. दाराशी अनवाणी उभी राहून छत, खिडक्या, टेबलं बघायची. मी घाई केली की म्हणायची, "थांबा हो. आधी जागा बघू दे. पुस्तकं काय पळून जातायत?"

सुट्टीच्या दिवशी माझे गिरणीतले सोबती बायकांना घेऊन चौपाटीवर जायचे. माझी बायको मला वाचनालयं दाखवायला न्यायची. मी तिसरी शिकलेला, साच्यावर म्हणजे मागावर काम करणारा माणूस. मला त्यातलं काय कळणार? पण तिच्या मागून हिंडता हिंडता कळायला लागलं. गिरगावात एका वाचनालयाची जमीन लाकडी होती. पाय टाकला की करकरायची, म्हणून तिथले म्हातारे वाचक चवड्यांवर चालायचे. भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी, सगळे पगडीवाले. इंदू म्हणायची, "देणगी दिली ती दिली, आता पुस्तक फाडतोय का म्हणून बघत बसलेत." दादरला नक्षीच्या लाद्या, वेताच्या आरामखुर्च्या, नि त्यात वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले पेन्शनर. तिथला शिपाई कुणाला उठवायचा नाही. तोंडावरचं वर्तमानपत्र अलगद काढून दुसऱ्याला द्यायचा. भायखळ्याला एका जुन्या वाचनालयात झुंबरं होती, गोल लोखंडी जिना होता, आणि माणूस एकही नव्हता. बाहेर आल्यावर इंदू म्हणाली, "छान आहे. पण ह्या खोलीला कुणी हाक मारत नाही."

आमचं लालबागचं वाचनालय म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत उतरत्या फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली. पाळी सुटली की माणसं घामेजल्या अंगानं उभ्या उभ्या वाचायची. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा मोठ्यानं वाचून दाखवायचा. मागच्या खोलीत तारेच्या जाळीची कपाटं. वाचकानं जाळीतून बोट घालून हव्या त्या पुस्तकाची पाठ आत ढकलायची, पलीकडून इंदू ते ओढून घ्यायची. ती सातवी पास होती. दुपारी बायकांसाठी वाचनालय उघडावं म्हणून तिला ठेवली होती, आणि हळूहळू सगळा कारभारच तिच्याकडे आला.

गिरगावात तिनं कार्डांचे खण बघितले होते. तसे आपल्याकडे हवेत म्हणून हट्ट धरला. छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या आणि दोन वर्षं बसून हजारभर पुस्तकांची हजारभर कार्डं लिहिली. नाव, लिहिणाऱ्याचं नाव, कपाट कितवं, फळी कितवी. मी एकदा विचारलं, "पुस्तकं समोर दिसतायत, मग हा उद्योग कशाला?" तर म्हणाली, "कार्ड नसेल तर पुस्तक हरवलंच समजा. समोर असलं तरी." मला ते पटलं नाही. पटलं असतं तर पुढचं झालं नसतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरणीतल्या आमच्या खात्यातला एकही माणूस घरी बसला नव्हता. दादरच्या सभेला लालबागहून मोर्चा निघायचा होता आणि स्वयंसेवकांचे बिल्ले करायचं काम माझ्याकडे आलं. इंदू माहेरी भायखळ्याला गेलेली. किल्ली माझ्याजवळ. जाड कागद कुठं मिळेना. खण उघडला तर आत एका बाजूनं कोरे, एकसारखे पुठ्ठे. मी विचार केला, पुस्तकं तर कपाटात आहेत. त्यांची नुसती नावं आणखी वेगळी कशाला हवीत? मी चारशे कार्डं काढली. कोऱ्या बाजूला पोरांनी लाल शाईनं 'झालाच पाहिजे' लिहिलं, आणि टाचण्या लावून आम्ही सगळ्या चाळीच्या छातीवर ती लावली.

इंदू बायकांबरोबर भायखळ्याहून परस्पर मोर्चात आली. हिंदमाताजवळ वाऱ्यानं एकाच्या सदऱ्यावरचा बिल्ला उलटा झाला, आणि तिला आपलं अक्षर दिसलं.

"काय वो, हे कुठून मिळालं?" तिनं विचारलं.

"तुमच्या धन्यानंच दिलं की, वहिनी! अख्ख्या लालबागला वाटलंय."

ती गर्दी कापत माझ्यापर्यंत आली. रागावली की ती मालवणीत बोलायची. "ह्यां काय केल्यात तुमी?" एवढंच बोलली. मी म्हटलं, "अगं, पुठ्ठेच होते ना?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी घोषणा अर्धीच राहिली. मग म्हणाली, "ओरडा तुम्ही. मोर्चा थांबवू नका. मी माझं बघते." आणि ती माणसामाणसाच्या छातीवरचं कार्ड उलटून वाचत चालली. लोक हसत होते. एकजण म्हणाला, "वहिनी, माझ्या नशिबात काय लिहिलंय?" ती म्हणाली, "तुमच्या नशिबात पाककृती. उद्या आणून द्यायचं." पुढे दादरला पळापळ झाली आणि निम्मे बिल्ले रस्त्यात तुडवले गेले.

वाचनालयाचे अध्यक्ष एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी इंदूला बोलावलं. "बाईमाणसाच्या हातात किल्ली दिली, चूक आमची. पाडव्यापर्यंत खण पहिल्यासारखे भरा. नाहीतर किल्ली इथं ठेवायची, आणि बायकांची दुपारची वेळही बंद." इंदू म्हणाली, "माझ्याकडून झालं. भरते." मी दारात उभा होतो. ती माझं नाव घेईल म्हणून वाट बघत होतो. तिनं घेतलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. मोर्चात गळा फाडून ओरडणारा मी, तिथं गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चाळी पालथ्या घातल्या. परळला माझ्या खात्यातला कांबळे राहायचा. त्याच्या चाळीतल्या खोलीत बुद्धाची नवी तसबीर, खाली एक पत्र्याची पेटी, पेटीत वीसएक पुस्तकं. एक मुलगी वाचत होती आणि चटईवर पंचवीस-तीस माणसं ऐकत होती. इंदू चपला काढून दाराशी उभी राहिली. बराच वेळ. मग मला हळूच म्हणाली, "आतापर्यंत बघितलं त्यात हे सगळ्यात मोठं."

कांबळेनं बिल्ला जपून ठेवला होता. "वहिनी, देतो. पन मागं काय लिवलंय ते तरी सांगा." तिनं वाचून दाखवलं. पिकांच्या कुठल्याशा रोगांवरचं पुस्तक होतं. सगळे हसले. कांबळे म्हणाला, "हसू नका रे. मग ते पुस्तक आमच्या पेटीला धाडा आठ दिवस." इंदूनं धाडलं. तेव्हापासून आमची पुस्तकं त्या पेटीत आणि त्यांची आमच्या कपाटात जायला लागली. अध्यक्षांना तिनं विचारलं नाही.

दोनशेवर कार्डं परत आलीच नाहीत. कुठल्या पुस्तकांची गेली ते कळायला एकच मार्ग होता, कपाटातलं एकेक पुस्तक काढून खणाशी ताडून बघायचं. पहिली पाळी करून मी दुपारी चारला यायचो. कपाटाशी उभा राहून पुस्तकाच्या पाठीवरचं नाव अक्षराला अक्षर जोडत वाचायचो, आणि ती खणात शोधायची. नसेल तर नवं लिहायची. एकेका नावाला मला पाच पाच मिनिटं लागायची. मला घाम फुटायचा. ती टाक हातात धरून थांबायची. एकदाही तिनं मधे नाव सांगून टाकलं नाही. माघ संपेपर्यंत मी नुसतं नाव नाही, आतलं पानही वाचायला लागलो होतो.

पाडव्याला अध्यक्ष आले. खण भरलेले होते. त्यांनी एक कार्ड उलटलं, मागे लाल अक्षरं. "हे खरवडून टाका." इंदू म्हणाली, "राहू दे. त्या दिवशी पुस्तकंही मोर्चात होती." त्यांनी कार्ड परत खणात ठेवलं. किल्ली तिच्याकडेच राहिली, पुढं एकतीस वर्षं.

गेल्या साली ती आजारी पडली. इस्पितळात तिच्याजवळ बसलो असताना मी एकदाचं बोललो. म्हटलं, "त्या दिवशी अध्यक्षांसमोर मी गप्प बसलो. पुरुष म्हणवून घ्यायची लाज वाटते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी मुद्दामच नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर त्यांनी तुम्हाला वाचनालयात पाऊल टाकू दिलं नसतं. मग तुम्ही शिकला असतात कधी?"

पंधरा दिवसांनी ती गेली. तिच्या उशाशी वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं, अर्धं वाचलेलं. मुलगा म्हणतो, बाबा, देऊन येतो, मुदत केव्हाच संपली. मी त्याला थांबवलंय. ती जिथं थांबली तिथून पुढं मी वाचतोय. रोज दोन पानं वाचत होतो. आता नऊच उरलीत, म्हणून कालपासून एकच वाचतो.