शालीची पायाकडची बाजू

आपण आहोत म्हणून या घरातला माग चालतो, असं थोरल्या जावेला वाटायचं. जाड लोकरीची पांघरुणं विणण्यात तिचा उभा जन्म गेला होता. विणलेला धागा घट्ट बसवायला मागाची फणी ती अशी ठोकायची, की खालच्या मजल्यावरचा शिंपी छताकडे बघून म्हणायचा, "बाई आज कोणावर चिडल्यात?"

त्या घरात धाकटी जाऊ आली ती बारीक लोकर घेऊन. केसाएवढा धागा आणि टेबलावर मावणारा छोटा माग. फणी वर उचलायची, आडव्या धाग्याचा धोटा सरकवायचा, फणी खाली दाबायची, पुन्हा धोटा. ठोकणं नाहीच, धाग्याला फणी नुसती टेकवायची. ना आवाज, ना घाम, आणि गिऱ्हाइकं मात्र तिच्याकडेच. थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि ती ते लपवायचीही नाही. "विणतेय की धाग्याला कुरवाळतेय?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

एवढंही पचलं असतं. पण थोरलीच्या लेकीला दिवस गेले, आणि बाळाची शाल तिने विणायला सांगितली ती काकूला! "आई, तुझं विणलेलं टोचतं गं," एवढंच म्हणाली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटची पोर आपली, आणि तिच्या बाळाच्या अंगावर हात जावेचा! जेवताना ती धाकटीला भाजी वाढायची विसरू लागली. ठरवून.

शाल निम्मी झाली आणि धाकटीचा अंगठा दारात चेंगरला.

"ताई, उरलेली तुम्ही पुरी कराल का? फक्त फणी ठोकू नका. आत्ता जाळीदार दिसतं, पण धुतलं की लोकर फुलते."

"मला शिकवू नकोस," म्हणत थोरली मागावर बसली. धाकटीचं विणलेलं बघून तिला हसूच आलं. आरपार दिसत होतं! ही म्हणे शाल. हिच्यातून पीठ चाळावं. तिने फणी ठोकली. खालून शिंप्याने विचारलंदेखील. मागावर तिची बाजू खरोखर देखणी दिसली, एकही भोक नाही. थोरली खूश होती.

लेक माहेरी आली तेव्हा धाकटीने शाल कोमट पाण्यात बुडवली, हलकेच दाबली, वाळत घातली. वाळल्यावर जाळीदार बाजू फुलून सायीसारखी मऊ झाली. ठोकलेल्या बाजूला फुलायला जागाच नव्हती. ती पुठ्ठ्यासारखी ताठ राहिली. हात दाखवून अवलक्षण! थोरलीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

लेकीने दोन्ही टोकं गालाला लावून पाहिली. "काकू, हे टोक असं कसं?"

"माझाच हात बिघडला गं," धाकटी चटकन म्हणाली. "अंगठा दुखत होता ना."

आता मात्र थोरली पेटली. गिऱ्हाइकं तिची, कौतुक तिचं, आणि वर चांगुलपणाही तिचाच? आपलं टोकसुद्धा तिच्याच नावावर?

"खोटं बोलतेय ती!" थोरली कडाडली. "ते टोक माझं आहे. मी विणलंय. ठोकून ठोकून!"

लेक पोट धरून हसत सुटली. "हात लावताच कळलं होतं गं मला. ही बाजू पायाकडे घेईन. पोर लाथा मारून दमेल, पण हिचा धागा हलायचा नाही."

धाकटीही हसली. थोरली हसली नाही. पण स्वयंपाकघरात जाता जाता तिने मनाशी मांडणी केली: नातवंडाच्या लाथा आपल्या वाट्याला, धाकटीच्या वाट्याला नुसतं डोकं. डोकं काय, कुठेही टेकतं.

त्या दिवशी तिने धाकटीला भाजी वाढली. थोडी कमीच.