साखरेच्या डब्याची जागा

जायच्या आदल्या दुपारी शुभानं दवाखान्यात मला एकच गोष्ट विचारली. "रविवार होऊन गेला ना? साखरेचा डबा हलवला काय तुम्ही?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अवं, तुले या वेळेस डबा सुचून राहिला?" ती थकल्या आवाजात म्हणाली, "मग कधी सुचणार? मी गेल्यावर तुम्ही घरातली काडी हलवणार नाही. तशाच घरात तसेच बसून राहाल. शब्द द्या मले, दर रविवारी डबा हलवाल." दिला शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माझी बायको मेंदूची शास्त्रज्ञ होती. माणूस शिकतो कसा, शिकलेलं डोक्यात राहतं कसं, आणि वय झाल्यावर मेंदू स्वतःला बदलू शकतो का, यातच तिचा जन्म गेला. प्रयोगशाळेत गढूळ पाण्याचा एक हौद होता. त्यात उंदराला चढून टेकता येईल, पण पाण्याखाली दिसणार नाही असा पाट ठेवायचा आणि त्याला पोहायला सोडायचं. दोन-चार दिवसांत त्याला पाटाची जागा पाठ होते. मग शुभा पाट हलवायची. तिचा जीव म्हाताऱ्या उंदरांवर. "या वयात काय शिकणार?" असं कोणी म्हटलं की बाई जी भडकायची, की विचारू नका!

हाच प्रयोग आमच्या घरी, माझ्यावर आणि, ती होती तोवर, माझ्या आईवर. दर रविवारी साखरेचा डबा नव्या जागी. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "शुभे, आमी का तुये उंदीर आहो का वं?" शुभा खो खो हसायची, "आई, उंदीर इतकी कटकट नाही करत!" मग आई पिठाच्या पिंपामागून डबा हुडकून काढायची आणि दिवसभर मिरवायची. मी मात्र चिडायचो. वीज खात्यातला माणूस मी, मला प्रत्येक वस्तू जागेवर लागते. एकदा वैतागून विचारलं, "नवी जागा माहीत असून माझा हात जुन्याच फळीवर काहून जातो?" तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "पाट हलवला तरी उंदीर आधी जुन्याच जागी जातो हो. तिथंच गोल गोल फिरतो, शोधतो. जुनं पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी नवं शिकावं लागतं... आणि ते शिकता येतं."

तेरवी झाली, मुलगी पुण्याला परतली. रविवार येत गेले आणि डबा फळीवर तसाच. तिनं ठेवलेली ती शेवटची जागा, मी कशी मोडू? हात अगदी सरळ तिथं जायचा आणि रोज सकाळी चहा ढवळताना मला रडू यायचं. शेवटी परवाच्या रविवारी मन घट्ट केलं आणि डबा उचलून खिडकीपाशी ठेवला. शब्द दिला होता ना.

सोमवारी सकाळी आधण ठेवलं. हात फळीवर गेला. फळी रिकामी. मी ओट्याभोवती फिरलो, पुन्हा फळीशी आलो, आणि नेहमीसारखाच चिडून ओरडलो, "अवं शुभा, कुठं ठेवला वं डबा?"

आणि ती आतून उत्तर देईल म्हणून तसाच उभा राहिलो...