तूर घ्यायला येणारे डॉक्टर

मी जिवंत आहे याचा माझ्या आईखालोखाल कुणाला आनंद असेल, तर तो सोलापूरच्या एका स्लाइड बघणाऱ्या डॉक्टरांना. आणि तो लपवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. सात वर्षांचा असताना मला लिम्फोमा झाला, म्हणजे गळ्यातल्या गाठींचा कॅन्सर. औषध देणारे डॉक्टर वेगळे. हे नुसते गाठीचा तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात बघणारे. असे डॉक्टर पेशंटचं तोंडही बघत नाहीत म्हणे. यांनी मात्र दरवर्षी जुन्या स्कूटरवरून दुधनीला आमच्या दारात यायचा नेम धरला. त्यांचा अभ्यास चालू होता. आईला त्यांनी तो असा समजावला : "लुगड्याला कुसळं चिकटतात की नाही? तशी पेशींच्या अंगावर चिकटून धरणारे रेणू असतात. ते जास्त असले तर रोग गाठीतून निघून दुसरीकडं जाऊन बसतो, असा आमचा अंदाज. खरा की खोटा, ते मुलं मोठी झाल्यावर कळणार." माझ्या गाठीत ते रेणू भरपूर होते. म्हणजे अंदाजाप्रमाणे मी टिकायला नको होतो. हे मात्र त्यांनी आईला सांगितलं नाही.

फोनवर विचारता आलं असतं. पण "फोनवर चेहऱ्याचा रंग दिसत नाही," हे त्यांचं मत. आणि समोर येऊनही 'पोरगा कसा आहे' असं विचारतील तर शपथ! "तूर घ्यायला आलो होतो," म्हणायचे. दोन किलो तुरीसाठी सोलापूरहून स्कूटर मारत येणारं दुसरं गिऱ्हाईक आमच्या बाजारानं पाहिलेलं नाही. आई विचारायची, "डाक्टर, गेल्या साली नेलेली संपली व्हय?"

दार वाजवायच्या आधी ते गल्लीच्या तोंडाशी थांबून आमची कपड्यांची दोरी बघतात, हे मला आठवीत कळलं. त्या साली दोरीवर शाळेची निळी हाफ चड्डी नव्हती. मी सायकलवरून येत होतो, तर डॉक्टर कोपऱ्यावरच्या पानटपरीच्या फळीवर बसलेले, टपरीवाल्यानं दिलेलं पाणी हातात तसंच.

"डॉक्टर, हितं का बसलाय?"

ते उठले आणि भर रस्त्यात त्यांनी माझा कान धरला. "तुझ्या चड्ड्या कुठायत रे?"

"आता फुलपँट घालतो की! आठवीत हाय मी."

"मग कळवायला नको?"

यंदा मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, हे मी कुणी न विचारताही सांगतो. पेढे घेऊन गेलो तर डॉक्टरांनी माझी जुनी स्लाइड दाखवली. "बघ, ते चिकट रेणू किती गर्द तपकिरी दिसतायत! तुझ्यापुरता साफ चुकलो," असं म्हणून एकदम दोन पेढे खाल्ले. मग म्हणाले, "गुडघे धरलेत. स्कूटर तू चालव, अक्कलकोटला जायचंय."

अभ्यासातली तिथली एक मुलगी माझ्याच वयाची, दवाखान्यात माझ्याच वॉर्डात होती. ती वाचली नाही. अभ्यासातली तिची नोंद तेव्हाच पुरी झाली, तरी डॉक्टर दरवर्षी जातात. "तिथं काय बोलता?" मी विचारलं. "काही नाही. चहा पितो."

तिच्या आईनं मला निरखलं. "ह्यो कोण?"

मीच म्हणालो, "मावशी, लहानपणी मी पण त्यांचा पेशंट होतो."

"काय शिकलास?"

"बी.एस्सी. झालो."

ती आत गेली. बराच वेळ आलीच नाही. मग ती वाटीत साखर घेऊन आली. चिमूटभर माझ्या हातावर ठेवली, तेवढीच डॉक्टरांच्या.

"डाक्टर थकले आता," ती मला म्हणाली. "फुडच्या साली तू बी येत जा."